सासरची मुळं, क्लेअरमधली थडगी आणि आयरिश भावकी

निशिगंधा_७

मागे कुलवृत्तांताच्या धाग्यावर बोलता बोलता म्हणून गेले होते की सासरची मुळं हुडकायला आम्ही आयर्लंडला जाऊन आलो, त्यावर लिहीन कधीतरी. तेव्हापासून तिघाचौघांचे व्यनि (खाजगी निरोप) आले म्हणून शेवटी बसलेय लिहायला. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची राजापूरकडची, नवरा बॉस्टनचा. सासूबाई ७६ वर्षांच्या, चालायला माझ्यापेक्षा खमक्या. त्यांचे आजोबा १८८७ च्या सुमारास आयर्लंडहून बॉस्टनला आले एवढं घरात सगळ्यांना पाठ. आयर्लंडात कुठून? तर लिमरिकहून. कशावरून? तर कुणीतरी कधीतरी म्हणालं म्हणून.

आता गंमत ऐका. आजोबांची कबर बॉस्टनच्याच एका कॅथलिक दफनभूमीत आहे, दर मेमोरियल डेला सासूबाई तिथे फुलं ठेवायला जातात, लहानपणापासून. मीही सातआठ वेळा गेलेय. एका वर्षी गवत कापणाऱ्याने जरा जास्तच खोल कापलं आणि दगडाच्या पार तळाशी एक ओळ दिसली, 'मूळ राहणार काउंटी क्लेअर, आयर्लंड'. (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा.) इतकी वर्षं ती ओळ गवताखाली आणि घरात सगळे लिमरिक लिमरिक करतायत! सासूबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

तिथून मला किडा चावला. आधी आजोबांचा मृत्यूचा दाखला काढला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्याच्या नोंदी आहेत आणि दाखल्यावर आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. हे माहेरचं आडनाव जपून ठेवा, कारण आयर्लंडात नावांची भयंकर चणचण. जॉन, मायकेल, पॅट्रिक, ब्रिजेट, मेरी, संपली यादी. त्यात जुनी पद्धत अशी की पहिल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं, तिसऱ्याला खुद्द बापाचं. म्हणजे चार भाऊ असतील तर चौघांच्या थोरल्याचं नाव तेच आणि चौघंही एकाच डोंगराला राहणारे. मग आईचं आडनाव नसेल तर बसा डोकं धरून.

आयर्लंडात सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली आणि जुन्या रजिस्टरांची पानं सरकारी साइटवर फुकट बघता येतात, एक पैसा लागत नाही. आईवडलांची जोडी लावून बघत बसले, तीन रात्री गेल्या, आणि १८६७ चा जन्म सापडला, क्लेअरमधल्या एनिस्टायमन भागाच्या रजिस्टरात. पण चर्चच्या वहीत त्याच मुलाचा बाप्तिस्मा जन्माच्या अकरा दिवस *आधी* झालेला! मला वाटलं माणूस चुकला. नंतर कळलं की हे तिकडे सर्रास होतं. नोंदणीला उशीर झाला की दंड, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. आपल्याकडे शाळेत घालताना सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला असायचा त्यातलाच प्रकार.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहण्याच्या रकान्यात टाउनलँडचं नाव होतं. टाउनलँड म्हणजे गाव नाही, गावाहून लहान, काही एकर जमिनीचा नाव असलेला तुकडा. आपलं 'मौजे अमुक' म्हणा किंवा कोकणातली वाडी म्हणा. असे साठ हजारांवर आहेत आख्ख्या बेटावर. ते नाव मिळालं की गंगेत घोडं न्हालं. त्या टाउनलँडचं आणि आडनावाचं नाव मी इथे लिहीत नाहीये कारण तिथे घरंच अकरा आहेत, लगेच कळेल कोण ते.

पुढच्या भागात प्रत्यक्ष दफनभूमी. आता स्वयंपाक करते.

डब्लिनकर

मस्त! मी नऊ वर्षं इकडे आहे (आयटी, अजून काय). निशिगंधाताई, तुमचं नशीब की तुमचे आजोबा १८६४ नंतर जन्मले. त्याआधीचं शोधणाऱ्यांचे हाल कुत्रं खात नाही. ३० जून १९२२ ला इथल्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तरखाना जळून खाक झालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची जवळजवळ सगळी पानं त्यात गेली, शिवाय अर्ध्याहून जास्त प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्या. १८६१ आणि ७१ ची सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केली होती आणि १८८१, ९१ ची पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगदा करून टाकली. म्हणजे आगीला उगाच एकटीला बोल लावायचा. पूर्ण शिल्लक अशी पहिली जनगणना १९०१ ची, मग १९११ ची. दोन्ही फुकट ऑनलाइन. १९२६ च्या जनगणनेला १०० वर्षांचा नियम आहे, ती १०० वर्षं १८ एप्रिल २०२६ ला भरतात.

जळालेल्या दफ्तराच्या नकला जगभरातून गोळा करून ट्रिनिटी कॉलेजच्या लोकांनी २०२२ मध्ये एक व्हर्च्युअल दफ्तरखाना उघडलाय, तो पण बघा.

प्रश्नचिन्ह

एक बाळबोध प्रश्न. मग १८६४ च्या आधीचं शोधतात कसं?

डब्लिनकर

कॅथलिक चर्चच्या वह्या (नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकल्या, बऱ्याच लॅटिनमध्ये, जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस झालेला असतो) आणि ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. ही १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली कराची मोजणी. प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कसणारा कोण, ती कुणाकडून घेतलीय, किती एकर, घर आहे का नुसता गोठा, सगळं. नकाशासकट. क्लेअरचं १८५५ चं आहे.

कोकणातला_गणू

थांबा थांबा, कसणारा वेगळा आणि ज्याच्याकडून घेतली तो वेगळा, म्हणजे कूळ आणि खोतच की हो! 😀 मग त्यांचा कूळकायदा कधी झाला?

डब्लिनकर

गणूभाऊ अगदी बरोबर. बरेच कायदे झाले पण मोठा म्हणजे १९०३ चा विंडहॅम कायदा. सरकारने कर्ज दिलं, कुळांनी हप्त्याहप्त्याने जमीन विकत घेतली. आणि ग्रिफिथनंतरचे बदल ज्या वह्यांत आहेत ना, ती तर अक्षरशः फेरफाराची नोंदवही. बाप गेला, नाव खोडलं, वर मुलाचं नाव वेगळ्या रंगाच्या शाईत आणि बाजूला साल. मी एका मित्रासाठी त्या वह्या चाळल्यात, तलाठी कार्यालयात बसल्यासारखं वाटतं, फक्त चहावाला नाही.

निशिगंधा_७

हो हो, त्या रंगीत शाईनेच आमचं काम केलं. १८९४ ला आजोबांच्या वडलांचं नाव खोडून आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव आलं. म्हणजे जमीन धाकट्याकडे राहिली आणि थोरला अमेरिकेला. १९०१ च्या जनगणनेत तोच भाऊ, बायको, म्हातारी आई, घराला गवताचं छप्पर, समोर दोन खिडक्या (खिडक्यासुद्धा मोजल्यात!), म्हातारीच्या पुढे भाषा 'आयरिश आणि इंग्लिश', लिहितावाचता येत नाही. वय ५८. आणि दहा वर्षांनी १९११ ला वय ७१!! मी नवऱ्याला म्हटलं तुझ्या पणजोबांच्या आईने वेळेला मागे टाकलं. तर झालं असं की मधे १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू झाली, त्यामुळे आख्ख्या आयर्लंडातली म्हातारी माणसं दहा वर्षांत तेरा-चौदा वर्षांनी म्हातारी झाली.

आता दफनभूमी.

गेल्या ऑगस्टमध्ये गेलो, मी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई. एनिस्टायमनला मुक्काम. पहिल्या दिवशी लाहिंचच्या रस्त्यावरचं दुष्काळाचं स्मारक बघितलं. १८४८ च्या फेब्रुवारीत वर्कहाउसच्या (गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रमाच्या) दाराशी चार वर्षांचा एक अनाथ पोरगा सापडला होता, सदऱ्याला चिठ्ठी टाचलेली की याचे आईबाप गेले, याला ठेवून घ्या. त्या पोराचं शिल्प आहे, बंद दारासमोर उभा. १८४५ ते ५२ च्या त्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली हे पुस्तकात वाचणं वेगळं. माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा, त्या पोराच्या शेजारी उभा राहिला तर उंची तेवढीच. मी फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी टाउनलँडजवळची जुनी दफनभूमी. टेकाडावर पडकं चर्च, छप्पर कधीच गेलेलं, आतमध्येसुद्धा कबरी, बाहेरसुद्धा कबरी, खाली समुद्र. फाटकाला दोरी बांधलेली, आत कमरेएवढी खाजकुयली... म्हणजे नेटल, पण काम तेच. फुल पँट घालून जा, माझं ऐका. नवऱ्याने शॉर्ट घातली होती, त्याची पुढची सगळी मुळं तो पाय खाजवत शोधत होता.

आणि पहिला धक्का असा की बहुतेक कबरींवर नावच नाही. शेतातला उचललेला एक दगड डोक्याशी, एक पायाशी, बस. गरिबाला कोरीव दगड परवडायचा कुठे? कोरलेले दगड जमीनदारांचे, दुकानदारांचे, पाद्र्यांचे. तासभर हिंडल्यावर मला एका काळपट लादीवर वेड्यावाकड्या रेघा दिसल्या, झिजलेली अक्षरं वाटली, मी ओरडलेच, आयरिशमध्ये काहीतरी लिहिलंय म्हणून! सगळे धावत आले. अर्धा तास आम्ही ती 'अक्षरं' लावत बसलो. नंतर कळलं की तो लिस्कॅनॉरचा दगड. त्या भागातल्या लाद्यांवर तीसेक कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात सरपटलेल्या प्राण्यांचे माग उठलेत. आम्ही किड्यांची वंशावळ वाचत होतो.

अक्का_आजी

हसून हसून पुरेवाट झाली गं. 😂 पुढे लिही लवकर, अर्धवट सोडून स्वयंपाकाला जाऊ नको.

प्रामाणिक_मत

राग मानू नका पण एवढा विमानखर्च करून पाच माणसं कब्रस्तानात फिरायला? आपल्याकडे माणूस गेला की राख पाण्यात सोडतो, विषय संपला. माती झालेल्यांना उकरून काय मिळतं? आणि मुलांना अशा ठिकाणी नेणं मला तरी पटलं नाही.

वसईवाला

प्रामाणिक साहेब, 'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे? मी वसईचा मराठी कॅथलिक. आमच्याकडे २ नोव्हेंबरला घरची सगळी पोरंबाळं कबरीवर असतात, साफसफाई, फुलं, मेणबत्त्या, आजीच्या गोष्टी. आम्ही लहानपणी तिथे पकडापकडी खेळलोय. उलट मुंबईत जागा नाही म्हणून काही वर्षांनी कबर उकरून दुसऱ्याला देतात, दगड ठेवायला मिळत नाही, माझ्या पणजोबांची जागा कुठली ते आज कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे ज्यांची सापडते त्यांनी जावं असं मला वाटतं.

आणि गया-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्यांची नावं असतात ती कशासाठी ठेवतात मग?

प्रामाणिक_मत

ओके, तो मुद्दा मान्य. खर्चाचं मत कायम. 🙏

निशिगंधा_७

@प्रामाणिक_मत राग नाही. खर्चाचं माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं.

तर पुढे. दुपार झाली, काही सापडेना, सासूबाई एका भिंतीवर बसून राहिल्या. तेवढ्यात खालच्या रस्त्याने ट्रॅक्टर आला, थांबला, कुत्रा उतरला, मागून साठीचा माणूस. त्याने नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही, सरळ विचारलं, कुणाची माणसं शोधताय? गणूभाऊ, अगदी आपल्याकडे एसटीतून उतरल्यावर 'कोणाकडचे तुम्ही' विचारतात ना, त्याच सुरात! आडनाव सांगितल्यावर म्हणाला त्या आडनावाची इथे सहा घरं, कुठले? मी म्हटलं ज्यांचा मुलगा १८८७ ला बॉस्टनला गेला ते. तर हसला आणि म्हणाला सहाही घरांतला गेला.

एकाच आडनावाची घरं ओळखायला तिकडे बापाआजाची नावं जोडून लावतात, म्हणजे पॅट मायकेल जॉन असं, तीन नावं म्हणजे तीन पिढ्या. मी तसंच धाकट्या भावाचं आणि त्याच्या बापाचं नाव जोडून म्हटलं तशी त्याची ट्यूब पेटली. चर्चच्या पूर्वेच्या भिंतीशी घेऊन गेला, वेल बाजूला केला. दगड होता! इतका वेळ दहा पावलांवर. शेवाळाने भरलेला, वाचता येईना. तो म्हणाला घासू नका. मोठ्या मुलाने फोनची बॅटरी दगडाला अगदी चिकटवून आडवी धरली, वरून जाकीट धरून सावली केली, आणि अक्षरं एकेक करून वर आली.

वडलांचं नाव, मृत्यू १८९४. आईचं नाव, मृत्यू १९१४. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: 'हा दगड त्यांच्या मुलाने उभारला', पुढे आमच्या आजोबांचं नाव, बॉस्टन, यू.एस.ए.

ज्याला शोधत होतो त्याची कबर बॉस्टनला, हे आम्हाला माहीतच होतं. पण तो माणूस परत कधी आला नाही, तिकडे तो ट्राम कंपनीत मजूर होता, आणि त्याने पैसे साठवून एवढ्या लांब हा दगड लावून घेतला जो त्याने स्वतः कधीच बघितला नाही. त्याच्या वतीने तो पहिल्यांदा बघणारी त्याची नात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हातमोजे काढून दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी कुत्र्याशी खेळत बसले.

जुनी_वही

फार छान लिहिताय. बॅटरी आडवी धरायची युक्ती एकदम योग्य. तारेचा ब्रश, खडू, शेव्हिंग क्रीम असले प्रकार लोक यूट्यूबवर बघून करतात, दगडाचं कायमचं नुकसान होतं. आणि आयर्लंडात अशा जुन्या दफनभूमी बहुधा संरक्षित असतात, कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

पुण्याची एक उलटी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आयरिश बाईंचं मेल आलं, पणजोबा सैनिक होते, पुण्यात वारले, कबर आहे का बघाल? सोलापूर रोडच्या सेंट सेपल्कर दफनभूमीत मी आणि मित्र दोन रविवार घालवले, सापडली नाही. पण त्या निमित्ताने कळलं की इंग्रजांच्या सैन्यात आयरिश लोक केवढे होते. ईस्ट इंडिया कंपनीची आपली जी बॉम्बे फ्युझिलिअर्स होती तीच पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली! म्हणजे मुंबईचं नाव काढून डब्लिनचं लावलं. आणि खडकीच्या युद्ध दफनभूमीत पहिल्या महायुद्धाचं जे स्मारक आहे त्यावर १८०० हून जास्त नावं आहेत, ज्यांच्या कबरी भारतभर विखुरल्यात आणि सांभाळणं शक्य नाही अशांची. मुंबई इलाख्यातल्या दफनाच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथे त्या बाईंना शेवटी पणजोबा सापडले. पटकीने गेले होते.

कोकणातला_गणू

मी मालवण तालुक्यातलो, माका बोलूकच होया! उलटी मुळं शोधणारो आमच्याच शेजारचो. लिओ वराडकर, आयर्लंडचे पंतप्रधान होते तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये आईवडील, बहिणी सगळ्यांना घेऊन वराडला आले होते. वडील डॉक्टर, तिथलेच. गावात ही गर्दी. आमच्या काकांचं म्हणणं, आलेले सगळे जण त्या दिवसापुरते वराडकरांचे चुलतभाऊ झाले होते.

प्रश्नचिन्ह

ताई अजून एक. मुळं सापडली म्हणजे मुलांना आयरिश पासपोर्ट मिळतो का? 😬

डब्लिनकर

वाट बघत होतो हा प्रश्न कधी येतो त्याची 😄 आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील तर परदेशी जन्मांच्या रजिस्टरात नाव घालून नागरिकत्व मिळतं. पणजोबा असतील तर नाही, फक्त तुमच्या जन्माआधी तुमच्या आईने किंवा वडलांनी स्वतःचं नाव त्यात घातलेलं असेल तरच. ताईंच्या घरात सासूबाईंना मिळू शकतं, पुढच्यांची गाडी चुकली.

निशिगंधा_७

बरोबर, सासूबाईंना मिळतं आणि त्या अर्ज करणार म्हणून हटून बसल्यात. आता मला म्हणतात रांगेत मी पुढे असेन, तुम्ही मागे.

नातेवाइकांचं राहिलंच. ट्रॅक्टरवाला आम्हाला त्या घरी घेऊन गेला. घरात धाकट्या भावाचा नातू, म्हणजे सासूबाईंचा चुलत-चुलत भाऊ, ८१ वर्षांचा, आणि त्याची बायको. आत घेतलं, खुर्च्या दिल्या, हवापाण्याचं बोलले. पण हे आजोबा काही खुलेनात. प्रश्नाला उत्तर, तेही अर्धं. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या किती सुंदर शेत आहे, आणि खोलीत जी काही शांतता पसरली! मला राजापूर आठवलं. मुंबईचा चुलता गणपतीत आला आणि म्हणाला आंबे यंदा छान धरलेत, की आमच्या काकूचा चेहरा असाच व्हायचा. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, त्यांना वाटतंय तुम्ही हिस्सा मागायला आलात. सासूबाईंना खरंच वाटेना. पण बाई धीट, सरळ म्हणाल्या की मला जमीन नको, माझ्याकडे बॉस्टनमध्ये गवत कापायला एवढुसं अंगण आहे आणि तेही माझ्याच्याने होत नाही. आजोबा हसले, आजी उठल्या, आणि मग हॅमची सँडविचेस, ब्राउन ब्रेड, फ्रूट केक, तिसऱ्यांदा चहा. नको म्हटलं की अजून वाढतात. थेट माहेर.

मग एक गोष्ट निघाली ती कुठल्याच रजिस्टरात नव्हती. ते आजोबा लहान असताना, १९५० च्या आसपास, वर्षातून एकदा अमेरिकेचं पार्सल यायचं. जुने कपडे, कोट. म्हणाले पार्सल उघडलं की एक वास यायचा, आख्ख्या घरात, तो वास म्हणजेच आमच्यासाठी अमेरिका. एक निळा कोट होता, मोठी बटणं, बहिणीला आला, पण खिशात डॉलर निघाला म्हणून सगळ्या भावंडांनी पुढची दोन वर्षं प्रत्येक पार्सलचे खिसे आधी तपासले. सासूबाई बघतच राहिल्या. तो कोट त्यांचा होता. आईने काढून घेतला म्हणून त्या रडल्या होत्या, आणि डॉलर खिशात आई गुपचूप घालायची कारण वडलांना आवडायचं नाही. वास डांबराच्या गोळ्यांचा.

सत्तर वर्षं दोघं एकाच कोटाच्या दोन टोकांना होते.

अजून एक सांगते आणि थांबते. घराच्या मागे शेताच्या कोपऱ्यात काही लहान लहान दगड होते, माझा धाकटा त्यावर चढायला लागला तर आजोबांनी हलकेच उचलून बाजूला घेतलं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या जमिनीत जागा नसायची, त्यांना अशा जागी रात्री पुरायचे. त्याला किलीन म्हणतात. आजोबांचा एक भाऊ तिथे आहे. नाव नाही ठेवलेलं. मी तो आमच्या वंशावळीत लिहिलाय, नुसता 'बाळ' म्हणून.

अक्का_आजी

😔 आमच्याकडेही लहान लेकरांना परसातच ठेवायचे गं.

भूगोलवेडा

डीएनए चाचणी केली का? त्याने कन्फर्म होतं ना सगळं?

निशिगंधा_७

केली. नवरा आणि त्या आजोबांची मुलगी, म्हणजे थर्ड कझिन (दोघांचे खापरपणजोबा एकच), ६८ सेंटीमॉर्गन (डीएनए किती जुळतो त्याचं माप) जुळले. पण ध्यानात ठेवा, दहातल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या थर्ड कझिनशी काहीच जुळत नाही, म्हणून शून्य आलं तर लगेच पणजीवर संशय घेऊ नका. आम्हाला कोट पुरेसा होता.

जाणाऱ्यांना एकच सांगेन, उन्हाळ्यात जिथे सेमेटरी संडे असतो त्या रविवारी जा. पाद्री सगळ्या कबरींना आशीर्वाद देतो आणि प्रत्येक घर आपापल्या कबरीशी उभं असतं, जगभरातून आलेलं. शोधत फिरायची गरजच नाही, ज्या दगडाशी उभे राहाल तिथे कुणीतरी येऊन विचारतं.

निशिगंधा_७

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतेय. क्लेअरचे ते आजोबा परवा गेले. तिकडे मृत्यूच्या बातम्यांची एक वेबसाइट आहे, आख्खा देश सकाळी उठून ती बघतो, तिथे आलं. चर्चचा वेबकॅम असतो, आम्ही पहाटे सहाला उठून बॉस्टनहून अंत्यविधी बघितला, सासूबाई काळे कपडे घालून लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. बातमीत बायको, मुलं, नातवंडं, भाचे-पुतणे अशी यादी असते, शेवटी लिहिलं होतं 'आणि बॉस्टनची भावंडं'. त्याच दगडाखाली ठेवलंय, नाव अजून कोरायचंय.

वसईवाला

प्रभू त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.

अक्का_आजी

सासूबाईंना सांग, आमची आठवण सांगितलीय म्हणून.

डब्लिनकर

ताई, मी शनिवारी लिमरिकला चाललोय, तिथून क्लेअर तासाभरावर. तुमच्या वतीने जाऊन येऊ का? पत्ता व्यनि करा. फुलं कुठली न्यायची?

निशिगंधा_७

जाशील? फार बरं होईल रे. फुलं नको नेऊस, तिकडे मास कार्ड (गेलेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होईल असं कार्ड) देतात, पॅरिश ऑफिसात मिळतं, पाद्र्याची सही असलेलं घे. पत्ता पाठवला. आणि रिकाम्या पोटी जा, आजी सोडणार नाहीत.